हेरल्डचा टप

शांभवी मगदूमच्या शेडमध्ये गाडीचे पत्रे येण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. उद्यमनगरातली तिची शेड ब्लास्टिंगची. आसपासच्या फाउंड्रींतून पंपांची, व्हॉल्व्हची ओबडधोबड कास्टिंग्ज यायची. लोखंडाच्या बारीक कणांचा हवेच्या जोरानं मारा करून ती साफ करायची आणि टेम्पोत घालून परत पाठवायची. सकाळी आलेलं काम संध्याकाळी गेलंच पाहिजे, असा शांभवीचा स्वभाव. जेवतानासुद्धा ती उभीच. तिच्याकडं बारा वर्षं काम करणारा कृष्णात म्हणायचा, "मॅडमनी खुर्ची कशाला घेतलीया कुणास ठाऊक. तिच्यावर हेल्मेटच बसतंय."

मुरगूडचे प्रभुलिंग घुगरे फेब्रुवारीत तिच्याकडं आले. वय अडुसष्ट, खतांचं दुकान, पांढरा शर्ट, कपाळाला भस्म. त्यांच्या टेम्पोत एका जुन्या गाडीचे सुटे भाग होते. १९६४ची स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारं, बॉनेट, डिकीचं झाकण आणि टप. या गाडीचा टपसुद्धा बोल्टांवर बसवलेला असतो, त्यामुळं तोही सुटा करून आणलेला.

"माझ्या थोरल्या बहिणीची गाडी," ते म्हणाले. "डॉक्टर हाय ती. रत्नव्वा घुगरे. हीच गाडी घेऊन खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत हिंडली. वीस-बावीस वर्षं गोडावनात पडून होती. आता परत उभी करायचीय."

पत्र्यांवर रंगाचे थर चढलेले होते. वरचा पांढरा पोपडे धरून सुटत होता, त्याखाली निळा दिसत होता. कडांना गंजानं पार खाल्लेलं.

"काका, माझं मशीन जाड लोखंडासाठी हाय," शांभवीनं स्पष्ट सांगितलं. "पातळ पत्र्यावर मारलं की पत्रा फुगतो. हे सगळं हातानंच खरवडायला लागणार."

"म्हणून तर तुमच्याकडं ठेवतो. दुसऱ्या दोघांनी 'मशीन मारून दोन तासांत देतो' म्हणून सांगितलं. यातला एकबी पत्रा आता मिळत न्हाय. चेन्नैपर्यंत विचारून झालंय माझं." मग जरा थांबून म्हणाले, "आन् लांबी भरून गुळगुळीत करून देऊ नका. खालचा पत्रा जसा असंल तसा मला दिसला पाहिजे."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायचं गाडीच्या रंगाखालचं लुकण. शांभवी हो म्हणाली. वीस दिवसांत देते, असंही म्हणाली.

दारांना नऊ दिवस लागले. रंग काढायचं औषध ब्रशनं लावायचं, अर्धा तास थांबायचं, सुरकुत्या पडल्या की पत्रीनं, म्हणजे चपट्या पात्यानं, खरवडायचं, धुवायचं, पुसायचं, परत लावायचं. त्या अर्ध्या अर्ध्या तासांनी शांभवीचा जीव नकोसा केला. ती शेडमध्ये येरझारा घालायची, फोन बघायची, कास्टिंग्जच्या ढिगाकडं जायची आणि परत यायची. सुरकुत्या पुरत्या पडायच्या आधीच ती पत्री घालायची, मग रंग अर्धाच सुटायचा. हातमोज्यातून औषध आत गेलं की बोटांची आग व्हायची. दोन दारं झाली तेव्हा विसातले नऊ दिवस गेले होते आणि टपाला अजून हात लागला नव्हता.

टपावर तर रंग सगळ्यात जाड. दिवसभर घासून पाणी वाहून जायच्या पन्हळीजवळचा वीतभर पट्टा निघाला.

दुसरा दिवस सोमवार, उद्यमनगरला सुट्टी. कृष्णात गावी गेलेला. शांभवी एकटीच शेडवर आली आणि टपासमोर उभी राहिली. हवेचा दाब निम्म्यावर आणला, नळी लांब धरली तर काय होणार आहे, असं तिच्या मनात आलं. नुसता एक कोपरा करून बघू. तिनं कॉम्प्रेसर चालू केला आणि हेल्मेट घातलं.

कोपरा दोन मिनिटांत झाला. खालून राखाडी, कोरा, नव्यासारखा पत्रा आला. हात लावून बघितला, काही फुगलेलं नव्हतं. मग तिनं शेजारचा पट्टा घेतला, मग त्याच्या शेजारचा. कुठल्याशा थराशी रंग हटेना म्हणून दाब थोडा वाढवला. दहा दिवस अंगात साठलेली घाई आता नळीतून बाहेर पडत होती. इतकं बरं वाटलं तिला, की मधे थांबून बघायचं ती विसरली. वीस मिनिटांत टप कोरा झाला.

हेल्मेट काढलं तेव्हा तिला टपाचा मधला भाग भाकरीसारखा टम्म वर आलेला दिसला.

तिनं तळव्यानं दाबलं. टक् करून पत्रा आत गेला आणि हातभर अंतरावर दुसरीकडं वर आला. तिथं दाबलं, तर पहिला परत वर. डब्याचं झाकण वाजावं तसं ते टक्-टक् रिकाम्या शेडमध्ये वाजत राहिलं. शांभवी खाली फरशीवर बसली. लगेच उठली. परत एकदा दाबून बघितलं, जणू मघाशी चुकीचं दाबलं होतं.

मंगळवारी कृष्णातनं टपाभोवती एक फेरी मारली.

"कुणी मारलं मशीन?"

"मीच."

त्यानं पत्रा एकदा दाबून बघितला. मग म्हणाला, "लांबी भरूया. वर प्रायमर मारूया. देवालाबी कळायचं न्हाय."

शांभवीनं नको म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "आण." दुपारपर्यंत दोघांनी मधल्या भागावर लांबी फासली, वाळवली, घासली. बघताना खरंच काही कळत नव्हतं. तेवढ्यात प्रभुलिंगांचा फोन आला.

"काय म्हणतोय टप?"

"चाललंय काका. जरा जाड रंग हाय."

"सावकाश होऊ दे. गडबड न्हाय आपल्याला."

फोन ठेवून तिनं लांबीवर बोट दाबलं. पत्रा टक् करून खाली गेला आणि लांबीला आडवी चीर पडली. एक खपली सुटून फरशीवर पडली. खालचा पत्रा हलत असताना वरचं काही टिकणार नव्हतं. शांभवीनं पत्री घेतली आणि सगळी लांबी स्वतःच ओरबाडून काढली. 'सावकाश होऊ दे' हे शब्द रात्री अंथरुणावरही तिच्या कानांतून जाईनात. अंगावर खेकसणारा माणूस परवडला असता.

दोन दिवस तिनं दुसरा टप शोधला. भंगारवाल्यांकडं गेली, पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना फोन लावले. कुणी हसलं, कुणी नंबर घेऊन ठेवला. शेवटी शेडशेजारच्या चहावाल्यानं उचगावच्या बाळासो मिस्त्रींचं नाव सांगितलं. गाड्यांचे पत्रे ठोकणारा जुना डेंटर, आता काम सोडलेला.

उचगावात दार उघडलं त्यांच्या सुनेनं, पूर्णिमानं. "मामांना ऐकू येत न्हाय," तिनं आधीच सांगितलं. "पन्नास वर्षं पत्रा ठोकून कान गेलेत. वरडून बोला."

बाळासो अंगणात पेपर वाचत होते. चौऱ्याहत्तरीचे, किडकिडीत. शांभवीनं टप फुगल्याचं ओरडून सांगितलं आणि मोबाइलवरचा फोटो पुढं धरला. त्यांनी बघितलासुद्धा नाही.

"फोटूत पत्र्याचं काय कळतंय?" ते दणदणीत आवाजात म्हणाले. "मशीन मारलंस व्हय?"

"व्हय!" शांभवी ओरडली. शेजारच्या घरातली बाई खिडकीत आली.

"ठाऊक न्हवतं फुगतंय म्हणून?"

"ठाऊक होतं!"

बाळासोंनी पेपरची घडी घातली आणि तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग स्वतःचे हात पुढं करून दाखवले. दोन्ही थरथरत होते. "हातोडी धरवत न्हाय मला आता. तू ठोकणार असशील तर येतो."

ते तिच्या मोपेडवर मागं बसून शेडमध्ये आले. मांडीवर पिशवी, तिच्यात दोन हातोड्या आणि डॉली म्हणजे पत्र्याच्या मागून धरायचा लोखंडी ठोकळा. आल्या आल्या त्यांनी खिशातला रुमाल टपावर पसरला, त्याच्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून तो हळूहळू फिरवला. हात पत्र्यावर टेकला की त्याची थरथर थांबायची. मधेच थांबून ते खडूनं लहानसा गोल काढायचे. तासाभरात टपावर चाळीस-एक गोल झाले.

"पत्रा ताणलाय," ते म्हणाले. "तुझा एकेक कण म्हंजे एकेक हातोडी. आता तो आखडून घ्यायचा. एका वेळी एक ठिपका."

कृष्णातनं गॅसच्या ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, बाळासोंनी खालून डॉली दाबून धरायची, शांभवीनं वरून हलक्या हातानं चार ठोके मारायचे आणि लगेच ओलं फडकं दाबायचं. चर्र आवाज यायचा, वाफ उठायची आणि त्या जागी निळसर वर्तुळ राहायचं. मग बाळासो म्हणायचे, "आता शंभर मोज. घाई न्हाय. पत्रा आपल्या जागी बसू दे."

शांभवी मोजायला लागली. साठपर्यंत आली की तिचा पाय हलायला लागायचा.

दुपारी बाळासो लघवीला गेले तेवढ्यात तिनं कृष्णातला पुढचा ठिपका तापवायला लावला. मग त्याला लागूनचा आणखी एक. पत्र्यात आता कुठं जीव येत होता, दोन ठिपक्यांत मधला फुगवटा बसेल असं तिला वाटलं. बाळासो परत आले, रुमाल ठेवला, तळवा फिरवला. सकाळपासून बसवलेली सगळी बाजू उलटीकडून उचलली होती.

ते रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि चहा मागवला. चहा संपवून कप खाली ठेवला.

"तुझ्यात करंट लई हाय, पोरी," ते शेवटी म्हणाले. "मशीनला बरा. हितं त्रास हाय."

"परत होईल ना?" तिनं ओरडून विचारलं.

"व्हईल. सकाळचं सगळं परत करायचं."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शेडबाहेर टेम्पो थांबला. प्रभुलिंग घुगरे बाजाराला आले होते, फोन न करता काम बघायला आत शिरले. उन्हातून आल्यामुळं त्यांना आधी काही दिसलं नाही. मग टप दिसला. कोरा, राखाडी, अंगभर निळी वर्तुळं आणि खडूच्या खुणा.

शांभवीच्या हातात हातोडी होती. इतके दिवस तिनं मनात काय काय जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"काका, मी मशीन मारलं. टप फुगला. फोनवर खोटं बोलले. आता बसवायला घेतलाय."

प्रभुलिंगांचा चेहरा आधी नुसता रिकामा झाला. मग ते ओरडायला लागले. "तुम्हीच सांगितलासा मला, पत्रा फुगतो म्हणून! तुम्हीच! त्या दोघांना सोडून मी तुमच्याकडं आलो!"

"व्हय."

"व्हय काय? दुसरा टप कुठनं आणू मी?"

बाळासोंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते टपावर वाकून तळवा फिरवत होते. प्रभुलिंग तरातरा पुढं आले आणि त्यांनी टपाची कड धरून तो उचलायला घेतला. नुकत्याच तापवलेल्या ठिपक्याला बोट लागलं आणि त्यांनी हात झटकला.

"ओ पावणं!" बाळासो त्यांच्यावर गरजले. "हात काढा! शंभर व्हायचेत अजून!"

प्रभुलिंग बोट तोंडात धरून या म्हाताऱ्याकडं बघत राहिले. बाळासोंनी दुसऱ्या हातानं त्यांना बाजूला सारलं, मोजणी संपल्यावर कृष्णातला खूण केली आणि पुढचा खडूचा गोल दाखवला. शांभवीनं हातोडी सावरली. ठिपका लाल झाला तशी ती वळली, तिनं चार ठोके मारले, फडकं दाबलं आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. शंभर होईपर्यंत प्रभुलिंग बाजूलाच उभे राहिले.

प्रभुलिंगांनी दारं, बॉनेट आणि डिकी टेम्पोत भरायला लावली. टप राहू दिला. "हे झालं की फोन करा," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "न्हाय झालं तरी करा. खोटं सांगू नका म्हंजे झालं."

आणखी पाच दिवस लागले. शांभवी आता शंभर पुरे मोजायची, पण त्यातला एकेक आकडा तिला टोचायचा. फाउंड्रीवाले फोन करून ओरडत होते, कास्टिंग्जचा ढीग दाराबाहेर आला होता. बाळासो रोज दहाला यायचे, पाचला जायचे. हळूहळू टक्-टक् कमी झालं. आठव्या दिवशी पूर्ण टप दाबला तरी गप्प होता. फक्त डावीकडं मागच्या काचेच्या वर एका जागी अंगठा दाबला की बारीक टक् व्हायचं.

"एवढं काढूया," शांभवी ओरडली.

"न्हाय. किती आच सोसंल पत्रा? चिरंल. र्‍हाऊ दे ते."

"पण वाजतंय की!"

"वाजू दे. मालकाला सांग, हितं वाजतंय म्हणून."

टप घेऊन ती मुरगूडला एकटीच गेली. वाटेत टेम्पोच्या आरशातून ती सारखी मागं बघत होती. घुगरेंच्या गोडावनात हेरल्डचा सांगाडा विटांवर उभा होता. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसलेली, जाड चष्मा, पांढरे आखूड केस. प्रभुलिंगांची बहीण, डॉक्टर रत्नव्वा.

शांभवीनं टप सांगाड्यावर ठेवायच्या आधीच ती जागा दाखवली. "इथं अजून वाजतंय, काका. याच्यापुढं हात लावला तर पत्रा चिरायचा धोका हाय."

प्रभुलिंगांनी अंगठा दाबला. टक्. परत दाबला. टक्. मग त्यांनी उरलेला टप हातानं चाचपला, सगळीकडं, सावकाश. त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ शांभवी एका जागी उभी राहिली, पण पायाची बोटं चपलेत हलत होती.

"बॉनेट कुणी हातात घेत न्हाय," ते टपाकडं बघतच म्हणाले. "डिकीपण तशीच पडलीया. दोन्ही हितंच करायची. माझ्यासमोर. मशीन आणायचं न्हाय."

दर सोमवारी शांभवी मुरगूडला जायला लागली. बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हतं, दोन्ही मडगार्डं आणि दिव्यांच्या खोबणी मिळून गाडीचं सगळं तोंड होतं. औषध लावलं की ती गोडावनाभर फिरायची. खतांच्या पोत्यांमधून, परत गाडीकडं, परत दारापर्यंत.

"बस की गं," रत्नव्वा म्हणायची. "माझ्या पेशंटचे नवरे असे फिरायचे."

तिसऱ्या सोमवारी डावीकडच्या दिव्याखाली पत्री जरा खोल गेली आणि पांढरा, निळा दोन्ही थर मिळून मोठा तुकडा धप्पकन् खाली पडला. पलीकडं पावत्या फाडत बसलेले प्रभुलिंग उठून आले.

"काय पडलं?" रत्नव्वानं विचारलं. तिला तिथवर दिसत नव्हतं.

"लांबी," शांभवी म्हणाली. "चांगली बोटभर जाड. खाली पत्रा आत गेलाय. दाबून भरलंय कुणीतरी."

"आपल्या गाडीला कधी ठोकर बसलीच न्हाय," प्रभुलिंग म्हणाले. "अप्पा सगळ्यांना सांगायचे, माझ्या लेकीनं गाडीला एक ओरखडा पडू दिला न्हाय म्हणून."

रत्नव्वानं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"निपाणीजवळ," ती म्हणाली. "मैलाच्या दगडाला घासली. पंच्याहत्तर साल असंल. एका बाईला कळा सुरू होत्या, मी लई गडबडीत होते. निपाणीतल्या एकाकडनं दोन दिवसांत भरून घेतलं, आन् घरी सांगितलं की मुक्काम पडला."

"अक्का! अप्पांनी किती कौतुक केलं तुझं!"

"म्हणून तर सांगितलं न्हाय. एकदा सुरू झालं की बंद कुठं करायचं?"

प्रभुलिंग तो तुकडा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी एकदा शांभवीकडं बघितलं. शेवटी ते हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं. पोटाला हात लावून पोत्यावर बसले.

"बाळ वाचलं का?" शांभवीनं रत्नव्वाला विचारलं.

"दोघंबी वाचली. पोरगी झाली. आता तिचीबी नातवंडं असतील."

शांभवी दिव्याखालच्या खड्ड्यात बोट घालून बघत होती. कड आत दुमडली होती, एका जागी पत्रा पातळ झालेला. पत्री खाली ठेवून तिनं हात पुसले. इथं ठोकायला हवं होतं, पण आधी कुणीतरी तळव्यानं बघायला हवं होतं. तिनं पूर्णिमाला फोन लावला.

"मामांना विचारा, पुढच्या सोमवारी मुरगूडला येतील का. बॉनेट हाय. व्हय, वरडूनच विचारा, मी थांबते फोनवर."

फोन कानाला धरून ती गोडावनात एक चक्कर मारून आली. पलीकडून उचगावच्या अंगणातला आरडाओरडा ऐकू येत होता.